आर्डिसचं न दिलेलं मत

आर्डिस ट्वेटन पहिल्यांदा विधानसभेला उभी राहिली तेव्हा वांगेन गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. राजकारण? आणि टेलिफोनवाल्या आर्डिसनं? बावीस वर्षं ती गावच्या टेलिफोन केंद्रात कानाला यंत्र लावून बसली होती. मग डायलचे फोन आले, केंद्राला कुलूप लागलं आणि बाई घरी बसल्या. घरी बसवेना म्हणून निवडणुकीला उभ्या राहिल्या, एवढीच काय ती कहाणी.

"मत द्या बाबांनो तिला," धान्याच्या कोठारावर गहू उतरवणारे शेतकरी एकमेकांना चिडवायचे. "नाही दिलंत तर तुम्ही रात्री कुणाला फोन करत होतात ते बायकोला सांगेल!"

पण गंमत अशी, की ती कधीच काही सांगणार नाही याची प्रत्येकाला मनोमन खात्री होती. बावीस वर्षांत तिच्या कानावरून काय काय गेलं असेल! कुणाचं दिवाळं, कुणाचं लफडं, कोणाच्या मुलीनं शहरातून रडत केलेले फोन. त्यातला एक शब्द कधी बाहेर आला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. पामर हे त्याचं नाव; बिचारा जेवताना विचारायचा, "काय गं, आज काय विशेष?" आणि ती म्हणायची, "बटाटे उकडलेत, वाढू?"

ती पहिली निवडणूक ती हरली. दुसरी जिंकली, जेमतेम. तिसरी बरीच सोपी गेली आणि त्यानंतर तीनदा तिच्यासमोर कुणी उभं राहायलाच तयार होईना. आमच्या मतदारसंघातून दोन जण निवडून जातात, प्रत्येक मतदाराला दोन मतं. एक जागा वांगेनच्या आर्डिसची आणि दुसरी वीस मैलांवरच्या लिंडालच्या सेल्मर ओस्टबीची, हे ठरूनच गेलं होतं. सेल्मर विरुद्ध पक्षाचा. उंच, सावकाश बोलणारा, गायीगुरांचा माणूस. वांगेन आणि लिंडालचं वैर मात्र जुनं. बास्केटबॉलच्या सामन्यात दोन्ही गावांतल्या आज्यासुद्धा एकमेकींना नको नको ते बोलायच्या. लिंडालकरांनी आर्डिसला कधी मत दिलं नाही आणि वांगेनकरांनी सेल्मरला. तरी सभागृहात दोघं एका रांगेत बसायची आणि सुट्टी लागली की एकाच गाडीनं घरी यायची. येताना वाटेवरच्या कॅफेत सफरचंदाचा पाय, म्हणजे भाजलेली गोड भरली पोळी, खायची आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावरून भांडायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी राजधानीत एक ठराव आला. लहान गावांतल्या हायस्कुलांना टाळं लावायचं आणि पोरं मोठ्या गावच्या शाळेत पाठवायची. म्हणजे वांगेनची शाळा बंद आणि पोरं लिंडालला. वांगेनच्या तोंडचं पाणी पळालं. शाळा गेली की गाव गेलं, हे आमच्या मैदानी मुलुखातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आधी शाळा जाते, मग दुकान, मग कॅफे, मग चर्चमध्ये पाद्री महिन्यातून एकदा येतो. आणि आर्डिसच्या घरात तर ती शाळा रोजच्या भाकरीसारखी. पामर शाळेची बस चालवायचा आणि हिवाळ्यात शाळा गरम ठेवणारी भट्टी सांभाळायचा. त्या भट्टीवर त्याचा जीव होता. बायकोपेक्षा भट्टीची काळजी जास्त करतो, असं आर्डिस म्हणायची.

ठराव रोखणं शक्य नव्हतं, आर्डिसला ते लगेच कळलं. पण दुरुस्ती सुचवता येत होती. जवळच्या शाळेपासून पंधरा मैलांपेक्षा लांब असलेलं हायस्कूल या कायद्यातून वगळावं, एवढी एकच ओळ. त्या ओळीसाठी ती आठवडे झिजली. एकेकाच्या टेबलापाशी जाऊन बसली, एकेकाला कॉफी पाजली. दुरुस्ती मार्च संपता संपता येईल असं सगळे म्हणत होते.

आणि मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी खालच्या कॉफीच्या टपरीपाशी सेल्मर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात होती.

"बोर्गहिल्डला इस्पितळात नेलंय. पोटात काहीतरी वाढलंय म्हणे. उद्या कापणार."

"मग तुम्ही इथे काय करताय? जा ना!"

"जातोच. पण आमच्या पक्षाचे लोक बोंबलतील, एक मत कमी झालं म्हणून. जोडी बांधशील का माझ्याशी?"

ही आमच्या सभागृहाची जुनी रीत. एकाला जावं लागलं, तर विरुद्ध मताच्या दुसऱ्यानं मत द्यायचं नाही. दोघांची मतं एकमेकांना खोडून काढतात, कुणाचं नुकसान नाही. ना कागद, ना सही. नुसता हातात हात.

"परत येईपर्यंत?" आर्डिसनं विचारलं.

"येईपर्यंत. ज्या ज्या गोष्टीत तुझं आणि माझं पटत नाही, त्यात."

तिनं हात पुढे केला. माझी दुरुस्ती आधीच आली तर काय, हे विचारलं नाही. ज्याची बायको उद्या टेबलावर जाणार आहे त्या माणसाला असलं कोण विचारतं? आमच्याकडे तरी कुणी विचारणार नाही, आणि तीच तिची चूक झाली.

त्याच रात्री हवामान खात्यानं बर्फाच्या वादळाचा इशारा दिला. सगळ्यांना घर आठवलं. अध्यक्षांनी कामाची यादी उलटीपालटी केली आणि सकाळी सभागृहात येऊन बघते तर आर्डिसची दुरुस्ती त्याच दुपारी!

सेल्मर शाळा बंद करण्याच्या बाजूचा, ती विरुद्ध. म्हणजे जोडी लागू. म्हणजे स्वतःच्या दुरुस्तीला स्वतःचंच मत नाही.

"वेडी आहेस का तू?" तिच्या पक्षाचा म्होरक्या रोलंड क्विस्ट हे ऐकून तिच्या अंगावरच आला. तो बोटांवर गणित करणारा माणूस. "एकशे सहा जण आहेत. तुम्ही दोघं वगळून एकशे चार. माझ्या हिशोबानं अगदी काठावर चाललंय. समसमान मतं पडली तर दुरुस्ती मेली. तुझं मत लागणार मला!"

"मी हात दिलाय, रोलंड."

"कागदावर आहे?"

"नाही."

"मग कशाला रडतेस? बरं, चल, त्याला फोन कर. म्हणावं, मोकळं कर मला. सरळ माणूस आहे, करेल."

हे मात्र तिला पटलं. सेल्मर करेल. नक्की करेल. सभागृह जेवायला सुटलं तशी ती खाली फोनच्या खोलीत गेली. आयुष्यभर लोकांना फोन जोडून दिले, पण इस्पितळाचा आकडा फिरवताना ती दोनदा चुकली. दोन ठिकाणी चौकशी होऊन शेवटी कुणीतरी सेल्मरला बोलावून आणलं.

"कोण? आर्डिस? काय झालं गं?"

"काही नाही, सेल्मर. मी म्हटलं..."

"बरं झालं फोन केलास." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उघडून बघितलं आणि परत शिवून टाकलं. काही करण्यासारखं नाही म्हणाले. ती अजून शुद्धीत नाही. हात धरून बसलोय सकाळपासून. शुद्धीवर आली की तिला सांगायचंय, आणि कसं सांगायचं ते कळत नाही मला. तू जोडी बांधलीस म्हणून बसलोय, आर्डिस. नाहीतर आमच्या पक्षातल्या पोरांनी मला खेचून परत नेलं असतं. तुझे उपकार फिटायचे नाहीत. हं, बोल. तू काय म्हणत होतीस?"

आर्डिसनं डोळे मिटून घेतले. फोनच्या खोलीबाहेर क्विस्ट काचेवर बोटं वाजवत होता.

"हेच," ती म्हणाली. "बोर्गहिल्ड कशी आहे, एवढंच विचारायला केला होता."

आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाला?" क्विस्टनं दारातच अडवलं.

"तो फोनवर आलाच नाही," आर्डिस म्हणाली. टेलिफोनवालीच ती. तारेवरचं बोलणं बाहेर सांगायचं नाही, ही तिची सवयच होती. पण खोटं ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

दुपारी सभागृहात शिरली आणि वर प्रेक्षकांच्या सज्जाकडे बघितलं. वांगेनची बस आली होती. सकाळी रेडिओवर मतदानाची बातमी ऐकून, वादळाचा इशारा असूनही पामर चार तास बस हाकत शाळेची पोरं घेऊन आला होता. सगळी शाळेच्या निळ्या जर्सीत, डबे मांडीवर घेऊन बसलेली. पामर कडेला उभा. तिनं वर बघितलं तसा त्यानं टोपी हलवली. तिला जमिनीनं गिळावं असं वाटलं.

ती बोलली. चांगली बोलली, शत्रूही कबूल करतील. गाव कसं मरतं ते तिनं सांगितलं. हिवाळ्यात वीस मैल बस म्हणजे काय असतं, ते सज्जाकडे न बघता सांगितलं. वर पोरांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी हातोडा आपटला.

मग ती परत उभी राहिली.

"अध्यक्ष महाराज, मी लिंडालच्या सेल्मर ओस्टबींशी जोडीनं बांधलेली आहे. ते इथे असते तर त्यांनी विरुद्ध मत दिलं असतं, मी बाजूनं. म्हणून मी मतदान करणार नाही."

सज्जात कुणाला काही कळलं नाही. खाली मात्र सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. अध्यक्षांनी मतदान उघडलं. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर एकेका नावापुढे दिवे लागायला लागले, हिरवे नि तांबडे. आर्डिसनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. टेबलावर तिच्या समोरच दोन बटणं होती, हात लांब करायचीही गरज नव्हती.

बावन्न हिरवे, बावन्न तांबडे. तिच्या नावापुढे काळोख.

"दाब!" क्विस्ट तिच्या खुर्चीमागे येऊन कुजबुजला. कुजबुज कसली, ओरडणंच ते. "आर्डिस, दाब ते हिरवं! अजून बंद नाही झालेलं!"

एव्हाना वरच्यांनाही आकडे समजले होते. "आर्डिस!" पामरची हाक सज्जातून आली. कुठल्याही बाईला आपल्या नवऱ्याची हाक हजारांत ओळखू येते. "अगं दाब ना! काय बसलीयेस!" शिपाई त्याच्याकडे धावला. पोरं उभी राहिली. "दाबा, बाई! दाबा!"

तिच्या मांडीवरचा उजवा हात उचलला गेला. हे तिनं कधी नाकारलं नाही. हात उचलला गेला, आणि तिला सेल्मरचा बारीक झालेला आवाज ऐकू आला, आणि तिनं डाव्या हातानं उजवा दाबून धरला. अध्यक्षांनी मतदान बंद केलं. समसमान. दुरुस्ती पडली.

पामर तिला न भेटताच बस घेऊन निघून गेला. पोरांना वादळाआधी घरी पोचवायचं होतं, असं तो म्हणाला असता.

वादळ ओसरल्यावर ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात पाठमोरा बसला होता.

"एक फोन करायचास त्याला," तो म्हणाला. "मोकळं कर म्हणायचंस. तेवढंही सुचलं नाही तुला?"

फोन केला होता म्हणून सांगितलं असतं, तर दोष सेल्मरवर गेला असता. मरणाच्या दारात बायको घेऊन बसलेल्या माणसावर! छे. तिनं कोट खुंटीला लावला.

"माझी भट्टी विझवली तू, आर्डिस," पामर म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

पुढचे महिने काय सांगावे! मे महिन्यात शाळेला कुलूप लागलं. कॅफेत आर्डिस शिरली की बोलणं थांबायचं. चर्चच्या तळघरात तिनं आणलेल्या लेफ्साला, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांना, कुणी हात लावेना. चाळीस वर्षं त्याच बायका तिच्याकडून त्या करायला शिकल्या होत्या, मेल्या! "शब्द पाळला म्हणे," त्या एकमेकींत म्हणायच्या, मुद्दाम तिला ऐकू जाईल अशा. "आमच्या लेकरांच्या जिवावर शब्द पाळणं सोपंच की." आणि ज्यांना आर्डिसचं म्हणणं पटत होतं ते तोंडाला कुलूप घालून बसले. त्यांचा मला जास्त राग येतो.

जूनमध्ये बोर्गहिल्ड गेली. आर्डिस एकटी गाडी चालवत लिंडालला गेली. दफन झाल्यावर सगळे खाली कॉफीला जमले, तेव्हा सेल्मर कप हातात घेऊन तिच्याजवळ आला.

"त्या दुपारी फोन कशाला केला होतास?"

"सांगितलं ना. चौकशीला."

"मी काय दुधखुळा आहे? तुझी दुरुस्ती अर्ध्या तासावर आली होती. मला परवा सभागृहाचे जुने कागद वाचताना कळलं." त्याचे डोळे भरून आले. "मागितलं असतंस तर दिलं असतं मी. एका दमात दिलं असतं."

"म्हणूनच नाही मागितलं," आर्डिस म्हणाली.

तो नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत गप्प बसला नाही. स्वतःच्या पक्षाचा दुसरा उमेदवार होता, वांगेनच्याच शाळेचा बास्केटबॉलचा प्रशिक्षक ड्वेन रुस्टाड, तरणाबांड, गावाचा लाडका. पण सेल्मर लिंडालभर फिरून सांगत सुटला: "एक मत मला द्या, नाहीतर देऊ नका. पण दुसरं तिला द्या." पक्षवाले खवळले. इकडे वांगेनमध्ये ते कळलं आणि आगीत तेलच पडलं. "बघा! शाळा लिंडालला दिली, आता लिंडाल फेडतंय!" आर्डिसच्या अंगणातली प्रचाराची पाटी कुणीतरी उपटून नाल्यात टाकली. पामरनं ती उचलून आणली, गोठ्याच्या भिंतीला टेकवली, पण परत रोवली नाही.

मतदान नेहमीप्रमाणे शाळेच्या व्यायामशाळेत झालं. बंद शाळेच्या! भट्टी थंड, लोक कोट घालून रांगेत उभे. मतपेटी उघडून मतं हातानं मोजतात आमच्याकडे, सगळ्यांसमोर. आर्डिस भिंतीला टेकून उभी होती. सहा निवडणुका ती याच भिंतीला टेकून उभी राहिली होती आणि दर वेळी कुणीतरी तिला कॉफी आणून द्यायचं.

"रुस्टाड. रुस्टाड. रुस्टाड, ओस्टबी. रुस्टाड."

लोकांनी सेल्मरलासुद्धा मत दिलं होतं! शत्रूला चालेल, पण हिला नको. मधूनच एखादं "ट्वेटन" यायचं आणि सगळे माना वळवून बघायचे, कुणाचं असेल म्हणून. मोजणी संपली. जिथे तिला दोनशेच्या वर मतं पडायची तिथे एकतीस पडली होती. ती ताठ उभी राहिली. गेली जागा, तिनं मनाशी म्हटलं, आणि तिला थोडं हलकंही वाटलं.

मग तालुक्याच्या कचेरीतून फोन आला. मोजणारी बाई निरोप घेऊन आली ती चेहरा पाडूनच. लिंडालनं आर्डिसला भरभरून मतं दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा. सेल्मर पहिला, आणि रुस्टाडला एकोणीस मतांनी मागे टाकून आर्डिस दुसरी.

कुणी टाळी वाजवली नाही. रुस्टाड मात्र आला आणि तिच्याशी हात मिळवून गेला, पोरगा चांगला होता. बाकीचे खुर्च्या घडी करायला लागले. आर्डिसनं स्कार्फ बांधला आणि त्यांच्यामधून चालत बाहेर आली.

पामर पिकअप गाडीत बसला होता. ती शेजारी चढून बसली. त्यानं किल्ली फिरवली नाही.

"जिंकलीस म्हणे."

"हं."

"मी तुला मत नाही दिलं."

"माहीत आहे."

"सेल्मरनं मला फोनचं सांगितलं. उन्हाळ्यातच. कोठारावर भेटला होता." पामर समोरच्या काचेतून काळोख्या शाळेकडे बघत होता. "मला कळलं, आर्डिस. सगळं कळलं. मी तुझ्या जागी असतो तर मीही नसतं दाबलं बहुतेक. पण आज आत गेलो, ती थंडगार भट्टी बघितली, आणि हात वळलाच नाही."

आर्डिसनं मान हलवली. आतले लोक एकेक करून बाहेर पडले, गाडीकडे न बघता आपापल्या गाड्यांत बसून गेले.

पहिल्यांदा ती निवडून आली तेव्हा राजधानीपर्यंत एकटीनं बर्फातून गाडी नेण्याची तिला धास्ती वाटत होती. दर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मी सोडायला येईन, असं पामरनं तेव्हा तिला सांगितलं होतं.

"जानेवारीत," तिनं विचारलं, "मी एकटी जाऊ का रे?"

पामरनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

"एकटी कशाला?" तो म्हणाला. "मी सोडणार म्हटलं होतं ना."

तेव्हा कुठे आर्डिस रडली.